जिवाणूंची वसाहत आणि उसाचा उतारा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पाण्याने आणि उसाने पालटले. प्रवरा आणि गोदावरी या नद्यांचे कालवे निघाले, १९२६ मध्ये भंडारदरा धरणाचे काम पूर्ण झाले आणि पाऊस हुलकावणी देई अशा काळ्या जमिनीत बारमाही पीक उभे राहिले. पुढे १९५० साली पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे शेतकऱ्यांच्या मालकीच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांगच उभी राहिली. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि पुढे चार-पाच महिने चरकांची घरघर रात्रंदिवस थांबत नाही.

या काळात कारखान्यात साखर तयार होत असते; आणि त्याच वेळी आणखीही एक पदार्थ तयार होत असतो, ज्याची नोंद कोणत्याही पोत्यावर होत नाही. चरकांखालच्या पन्हळीत, रस गाळण्याच्या जाळ्यांच्या कडांना, रसाच्या टाकीच्या कोपऱ्यांत एक बुळबुळीत, पांढुरका थर धरतो. हाताला तो बेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्यासारखा लागतो. पाण्याचा फवारा मारून तो काढला तरी काही तासांनी पुन्हा दिसू लागतो. चरकावरील कामगारांना तो चांगला परिचयाचा असतो. वरकरणी पाहणाऱ्याला ती केवळ घाण वाटेल. वस्तुतः ती जिवाणूंची वसाहत आहे, आणि तिची बांधणी समजून घेतल्याखेरीज ती पुन्हा पुन्हा का उद्भवते, तिच्यावर उपाय केव्हा चालतो आणि केव्हा चालत नाही, याचा उलगडा होत नाही.

एका पेशीपासून वसाहत

जिवाणू हा एकाच पेशीचा जीव. त्याची लांबी सामान्यतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. एवढ्या लहान जीवाचा अभ्यास एकेकट्याने करणे कठीण. म्हणून शास्त्रज्ञांनी प्रथमपासूनच त्याच्या वसाहतीचा आधार घेतला. जर्मन संशोधक रॉबर्ट कॉख यांनी उकडलेल्या बटाट्याच्या कापावर जिवाणूंचे निरनिराळे ठिपके वाढताना पाहिले आणि प्रत्येक ठिपका एकाच जातीच्या जिवाणूंचा असतो, हे त्यांच्या ध्यानी आले. बटाट्याऐवजी त्यांनी पुढे जिलेटिन वापरले. परंतु ते उबेने वितळे. या अडचणीवरचा तोडगा स्वयंपाकघरातून आला. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस मुरंबे घट्ट करण्यासाठी समुद्रशेवाळापासून मिळणारा ‘अगर’ हा पदार्थ वापरीत असत. त्यांनी तो सुचविला आणि १८८२ पासून तो सूक्ष्मजीवशास्त्राचा पायाच होऊन बसला. १८८७ मध्ये कॉख यांचे सहकारी पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी वापरात आणली. आजही कृषी विद्यापीठापासून तालुक्याच्या रक्त तपासणी केंद्रापर्यंत सर्वत्र हीच बशी आणि हाच अगर वापरला जातो.

अशा बशीवर एक जिवाणू पडला की तो वाढतो आणि मधोमध विभागून त्याचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. दर अर्ध्या तासाला ही दुप्पट होत राहिली, तर बारा तासांत एका पेशीच्या एक कोटी सदुसष्ट लाखांवर पेशी होतात. हा सर्व गोतावळा एकाच जागी राहिला म्हणजे तो डोळ्यांना टाचणीच्या डोक्याएवढा दिसू लागतो. यालाच वसाहत म्हणतात. तिचा आकार, कड, रंग, चमक, ती सपाट आहे की घुमटासारखी, कोरडी आहे की ओलसर, यांवरून जाणकार माणूस जिवाणूची जात पुष्कळ अंशी ओळखतो. हे सारे भिंग न लावताच.

साखर कारखान्यातील बुळबुळीत थर ज्या जिवाणूमुळे होतो, त्याचे नाव ल्यूकोनॉस्टॉक मेझेंटेरॉइडिस. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हान टीगेम यांनी १८७८ साली युरोपातील बीटसाखरेच्या कारखान्यांतील चिकट डिंकाचा अभ्यास करून ल्यूकोनॉस्टॉक हे नाव रूढ केले. ‘नॉस्टॉक’ हे पावसाळ्यात जमिनीवर दिसणारे बुळबुळीत निळे-हिरवे शेवाळ. त्याच्यासारखाच, पण रंगहीन, म्हणून ल्यूकोनॉस्टॉक. नावातच त्याच्या वसाहतीचे वर्णन आले आहे.

या जिवाणूची एक गंमत प्रयोगशाळेत सहज पाहता येते. ग्लुकोज घातलेल्या अगरावर तो वाढविला तर त्याच्या वसाहती अगदी बारीक, मिलिमीटरहूनही लहान राहतात. त्याच अगरात ग्लुकोजऐवजी साधी साखर, म्हणजे सुक्रोज, घातली की त्याच जिवाणूच्या वसाहती मोठ्या, फुगीर, काचेसारख्या चकचकीत होतात आणि एकमेकींत मिसळून वाहू लागतात. जिवाणू तोच, बशी तीच. फरक केवळ खाद्याचा. या दुसऱ्या वसाहतीतील बहुतेक भाग जिवाणूंचा नसतोच. तो त्यांनी बांधलेल्या घराचा असतो.

घराची बांधणी

ही फुगीर वसाहत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली म्हणजे काय दिसते? गोलसर, किंचित लांबट पेशी, दोन-दोनच्या जोड्यांनी किंवा मण्यांच्या माळेसारख्या ओळीने लागलेल्या. आणि प्रत्येक माळेभोवती पारदर्शक जाड वेष्टन. माळा एकमेकींना चिकटलेल्या नसतात. वेष्टने चिकटलेली असतात. शेजारच्या वेष्टनांचा मिळून एकसंध गोळा होतो आणि त्यात माळा विखुरलेल्या राहतात. या वेष्टनाचा मुख्य घटक डेक्स्ट्रॅन नावाची बहुशर्करा होय. ग्लुकोजचे हजारो कण एकापुढे एक जोडून तिचे लांबलचक धागे बनतात. हे धागे पाणी धरून ठेवतात. म्हणून वसाहत वजनाने बरीचशी पाणीच असते, तरी ती वाहून जात नाही.

जिवाणू असे वेष्टन करून राहतात ही गोष्ट केवळ ल्यूकोनॉस्टॉकपुरती नाही. १९७८ साली कॅनडातील विल्यम कॉस्टर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी असे प्रतिपादन केले की, ओढ्यातील दगड, नळाची आतली बाजू, जनावराचे आतडे अशा नैसर्गिक ठिकाणी बहुसंख्य जिवाणू सुटे न राहता पृष्ठभागाला चिकटून, स्वतःच्याच स्रावाच्या थरात एकत्र राहतात. अशा थराला आता ‘जैवपटल’ म्हणतात. त्यापूर्वी शंभर वर्षे संशोधकांनी प्रामुख्याने काचेच्या नळीत पोहणारे सुटे जिवाणू अभ्यासले होते. तेव्हा हा विचार पुष्कळांना नवा वाटला. १९९० च्या दशकात लेसर किरणांवर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने हा थर न कापता, न वाळवता, जिवंतपणी एकेका पातळीवर पाहता येऊ लागला. तेव्हा दिसले की कित्येक जैवपटले सलग लेपासारखी नसून त्यांत पेशींचे उंचवटे असतात आणि उंचवट्यांमधून पाणी खेळण्याच्या वाटा असतात. बागायतदाराला पाटाच्या आणि वाफ्याच्या रचनेची आठवण व्हावी, अशीच ही मांडणी आहे. मात्र येथे आखणी करणारा कोणी नसतो. प्रत्येक पेशी आपापल्या जागेवरील परिस्थितीप्रमाणे वागते आणि त्यातून रचना आकारास येते.

परिस्थिती जागोजागी वेगळी असते, हे यातील मर्म. वसाहतीच्या कडेच्या पेशींना अन्न आणि मोकळी जागा मिळते. त्या झपाट्याने वाढतात. मधल्या पेशींभोवतीचे अन्न संपलेले असते, टाकाऊ आम्ले साचलेली असतात. ज्या जातींना हवा लागते त्यांच्या वसाहतीत वरचा पातळ थरच श्वास घेऊ शकतो आणि तळच्या पेशी जवळजवळ निद्रिस्त असतात. गवतावर आणि मातीत आढळणाऱ्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत तर एकाच कुळातील पेशी कामे वाटून घेतात. काही पोहण्याचे शेपूट राखून असतात, काही वेष्टनाचा मालमसाला तयार करतात आणि वसाहतीच्या सुरकुत्यांच्या टोकांशी काही पेशी बीजाणू होऊन बसतात. सर्वांचा वारसा एकच असतो. भूमिका मात्र जागेप्रमाणे ठरते.

कित्येक जातींचे जिवाणू आपली संख्या पुरेशी झाली की नाही, याचाही अंदाज घेतात. समुद्रातील एक प्रकाशमान जिवाणू सुटा असताना उजळत नाही. दाटी झाली की उजळतो. प्रत्येक पेशी एक रसायन थोडे थोडे बाहेर सोडते आणि आसपास त्याचे प्रमाण ठराविक पातळीवर गेले की सर्व पेशींचे वर्तन एकदम बदलते. ही गोष्ट १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९९४ साली तिला सभेच्या गणपूर्तीवरून नाव मिळाले. ग्रामसभा बोलावली तरी गणपूर्ती झाल्याखेरीज ठराव होत नाही, हे ठाऊक असलेल्या वाचकास ही कल्पना अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

साखरेचा हिशेब

आता पुन्हा रसाकडे वळू. साखरेचा एक कण म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ल्यूकोनॉस्टॉक हा जिवाणू आपल्या पेशीबाहेर डेक्स्ट्रॅनसुक्रेज नावाचे विकर सोडतो. हे विकर साखरेची जोडी फोडते, त्यातील ग्लुकोज डेक्स्ट्रॅनच्या धाग्याला जोडते आणि फ्रुक्टोज मोकळे करते. जोडी फुटताना जी ऊर्जा मिळते, तीच पुढचा सांधा जोडण्यास कामी येते. त्यामुळे घर बांधण्यासाठी जिवाणूला वेगळी ऊर्जा खर्च करावी लागत नाही. केवळ ग्लुकोज दिल्यावर वसाहत लहान का राहते, याचे उत्तरही येथेच मिळते: फोडण्यासाठी जोडीच नसते.

हा हिशेब रसायनशास्त्राच्या साध्या वजनांनी करता येतो. १०० किलो साखर या मार्गाने गेली, तर सुमारे ४७ किलो ग्लुकोजचा डेक्स्ट्रॅन होतो आणि सुमारे ५३ किलो फ्रुक्टोज रसात सुटते. यांपैकी कशाचीही साखर होत नाही. फ्रुक्टोजचा काही भाग जिवाणू मॅनिटॉल नावाच्या पदार्थात बदलतो. शिवाय लॅक्टिक आम्लादी आम्ले तयार होतात, रस आंबूस होतो आणि आम्लामुळे उरलेली साखरही फुटू लागते.

एवढ्यावर नुकसान थांबले असते तरी बरे. डेक्स्ट्रॅनचे धागे रस दाट आणि चिकट करतात. रस निवळण्यास वेळ लागतो, गाळण्या तुंबतात, तव्यातील साखरेचे दाणे सावकाश बनतात. दाण्यांचा आकारही बिघडतो. घनाकृती दाण्याऐवजी एका दिशेने लांबलेले, सुईसारखे दाणे पडतात. असे दाणे यंत्रातून नीट धुऊन निघत नाहीत आणि जी साखर पोत्यात जावयाची ती मळीबरोबर निघून जाते.

प्रयोगशाळेतही डेक्स्ट्रॅन फसवणूक करतो. रसातील साखरेचे प्रमाण ध्रुवणमापी यंत्राने मोजतात. साखरेच्या द्रावणातून जाणारा प्रकाश किती उजवीकडे वळतो, यावरून आकडा निघतो. डेक्स्ट्रॅन हाच प्रकाश, वजनास वजन, साखरेच्या सुमारे तिप्पट उजवीकडे वळवतो. म्हणजे शिळ्या उसाच्या रसात साखर घटलेली असते आणि यंत्रावर मात्र ती असल्यापेक्षा अधिक दिसते. हंगामाअखेर कागदावरील साखर आणि गोदामातील साखर यांचा मेळ बसत नाही, तेव्हा त्या तफावतीमागे जी कारणे असतात त्यांतील हे एक होय.

कोयत्यापासून गव्हाणीपर्यंत

ल्यूकोनॉस्टॉकला कारखान्यात बाहेरून कोणी आणून सोडत नाही. मातीत, पाचटावर, उसाच्या सालीवर त्याचा वावर असतो. उभ्या, निरोगी उसाच्या मेणचट सालीतून त्याला आत जाता येत नाही. कोयत्याचा घाव बसला की दार उघडते. कापलेल्या तोंडाशी रस असतो, रसात साखर असते, आणि साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान, जे आपल्याकडील हिवाळ्यात दिवसाचे बरेच तास असतेच, ते या जिवाणूला उत्तम मानवते. कोयत्याच्या पात्याला लागलेल्या रसाबरोबर तो एका उसावरून दुसऱ्यावर जातो. त्यानंतर घड्याळ सुरू होते. उसाच्या स्वतःच्या पेशींतील विकरही तोडणीनंतर साखर फोडू लागतात. त्यामुळे तोडलेला ऊस दोन्ही बाजूंनी खालावत जातो. तोडणीपासून २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा, असा जो आग्रह धरला जातो, तो यासाठीच. गुऱ्हाळावर काम करणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून अनुभवाने माहीत आहे. शिळ्या उसाचा गूळ घट्ट बसत नाही.

फडाला आग लागली तर परिस्थिती अधिक बिकट होते. उष्णतेने सालीला तडे जातात आणि जिवाणूंना शिरण्यास कांड्याकांड्यावर वाट मिळते. जळीत ऊस तातडीने गाळपास घ्यावा लागतो, याचे कारण हे आहे. यंत्राने तोडणी करताना उसाचे लहान तुकडे होतात. एका अखंड उसाला कापलेली तोंडे दोन. त्याचे दहा तुकडे केले की तोंडे वीस होतात. मजुरांच्या टंचाईमुळे तोडणी यंत्रांचा वापर वाढत चालला आहे आणि तो वाढणारच. परंतु यंत्राने तोडलेल्या उसाला ताटकळत ठेवण्याची सवलत कमी मिळते, हे त्याबरोबर लक्षात घेतले पाहिजे.

वास्तविक विलंब कोणा एकामुळे होत नाही. पाथर्डी-शेवगाव किंवा शेजारच्या बीड जिल्ह्यातून आलेली टोळी पहाटे फडात उतरते, मोळ्या बांधून गाडी भरते, गाडी कारखान्याच्या आवारात रांगेत लागते. मध्येच एखादा चरक बंद पडला की रांग हलत नाही. रात्री थंडीत बैलगाडीजवळ शेकोटी करून बसलेला गाडीवान, तोडणीची चिठ्ठी केव्हा येईल याची वाट पाहणारा शेतकरी, आणि दिवसाचे गाळप पूर्ण व्हावे म्हणून आवारात उसाचा साठा राखणारा अधिकारी, यांतील प्रत्येकाची अडचण खरी असते. जिवाणूला मात्र यांतील कोणाचीच अडचण ठाऊक नसते.

त्याची किंमत सर्वांना मिळून मोजावी लागते. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर साखरेच्या उताऱ्याशी जोडलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने १०.२५ टक्के उताऱ्यास प्रतिक्विंटल ३५५ रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे असा दर ठरविला. एखादा कारखाना हंगामात दहा लाख टन ऊस गाळत असेल आणि त्याचा उतारा ०.१ टक्क्याने खाली आला, तर एक हजार टन साखर कमी निघते आणि ऊसउत्पादकांना मिळावयाच्या रकमेत ३ कोटी ४६ लाख रुपयांची तूट येऊ शकते. उतारा संपूर्ण कारखान्याचा मिळून काढला जातो. त्यामुळे ज्याने ताजा ऊस घातला त्याच्याही पदरी ही तूट पडते.

भिंतीचे बळ

पन्हळीतील थर फवारल्यावरही पुन्हा का येतो, याचे उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात सापडते. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापड व्यापारी लेव्हेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगांतून आपल्याच दातांवरील पांढरा मळ पाहिला आणि त्यात हलणारे असंख्य जीव त्यांना दिसले. १६८३ च्या सुमारास त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला ते कळविले. त्यांनी व्हिनेगरने चूळ भरून पुन्हा पाहिले. दातांच्या फटींतील मळात जीव शिल्लक होतेच. मळापासून सुटे काढून व्हिनेगरमध्ये टाकलेले जीव मात्र तत्काळ मेले. व्हिनेगर थराच्या बाहेरच्या जिवांनाच मारते, आतवर पोहोचत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जिवाणू म्हणजे काय हे माहीत नसलेल्या काळात काढलेला हा निष्कर्ष आजही जसाच्या तसा टिकून आहे.

दातांचे उदाहरण येथे केवळ तुलनेसाठी नाही. दात किडविणाऱ्या जिवाणूंत प्रमुख असलेला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हाही साखर फोडून त्यातील ग्लुकोजचे चिकट धागे बनवितो आणि त्यांच्या आधाराने दाताला धरून राहतो. चरकाखालची पन्हळ आणि रात्री गोड खाऊन तसेच झोपलेल्या मुलाचा दात, या दोन्ही ठिकाणी रसायन जवळजवळ एकच घडते. दात नुसती चूळ भरून स्वच्छ होत नाहीत, घासावे लागतात. पन्हळीचेही तेच आहे.

म्हणूनच कारखान्यातील स्वच्छतेत वेळ आणि घासणे यांना औषधापेक्षा अधिक महत्त्व आहे. थर कोवळा असताना गरम पाणी किंवा वाफ दिली तर जिवाणू मरतात. थर जाड झाला की वरची बाजू मरते, आतले जिवंत राहतात आणि तेच पुढच्या वसाहतीचे बियाणे ठरतात. जंतुनाशक रसात सोडले तर रसातील सुट्या जिवाणूंवर त्याचा परिणाम होतो. थराच्या आत ते क्षीण होऊन पोहोचते. रस जेथे साचून राहतो, असे कोपरे आणि बंद टोकाचे नळ मुळातच नसावेत हे उत्तम. असतील तर ते मोकळे करून खरवडावे लागतात. रस पुढे उकळला जातो तेव्हा जिवाणू मरतात, ही गोष्ट खरी. परंतु तोवर तयार झालेला डेक्स्ट्रॅन उकळण्याने नाहीसा होत नाही. तो तोडण्यासाठी बुरशीपासून मिळविलेले डेक्स्ट्रॅनेज हे विकर वापरता येते. त्याने रस पातळ होतो, गेलेली साखर मात्र परत येत नाही.

तोच जिवाणू, दुसरी बाजू

ल्यूकोनॉस्टॉकला शत्रू ठरवून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. इडलीचे पीठ रात्रभर ठेवल्यावर फुगते, ते प्रामुख्याने याच जिवाणूने सोडलेल्या वायूमुळे. कारखान्याला डोकेदुखी ठरलेला डेक्स्ट्रॅन औषधशास्त्राला वरदान ठरला. स्वीडनमधील उप्साला येथे ग्रोनवाल आणि इंगेलमन या संशोधकांनी १९४० च्या दशकात शुद्ध केलेला डेक्स्ट्रॅन रक्तद्रवाच्या जागी शिरेतून देता येतो असे दाखविले. पाणी धरून ठेवण्याचा जो गुण वसाहतीला टिकवितो, तोच रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या नसांत द्रव टिकवून धरतो. रक्तक्षयावर दिल्या जाणाऱ्या लोहाच्या एका इंजेक्शनातही डेक्स्ट्रॅन असतो.

उसाच्या बाबतीतही सर्व जिवाणू साखर नासविणारे नाहीत. १९८८ साली ब्राझीलमधील कॅव्हलकांटे आणि डोबेरायनर यांनी उसाच्या मुळांत आणि खोडात राहणारा, गोड रसातच सुखाने नांदणारा आणि हवेतील नत्र स्थिर करणारा एक जिवाणू शोधून काढला. आपल्याकडे तो ‘ॲसिटोबॅक्टर’ या नावाने जिवाणू खत म्हणून मिळतो. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने उसाचे बेणे लागणीपूर्वी या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवून घेण्याची शिफारस केली असून त्यामुळे नत्रखताची मात्रा निम्म्यापर्यंत कमी करता येते. रब्बीत हरभऱ्याचे रोप उपटून पाहिले तर मुळांवर गाठी दिसतात. त्यांतील एखादी नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर रायझोबियम जिवाणूंचे काम नीट चालू आहे असे समजावे. येथे घर जिवाणूंनी बांधलेले नसते. वनस्पतीने बांधून दिलेले असते, आणि भाडे नत्राच्या रूपाने वसूल होते.

शिळा ऊस गव्हाणीत पडण्यापूर्वी ओळखता यावा यासाठी एक सोपी चाचणी प्रयोगशाळांत वापरली जाते. रसातील प्रथिने आधी काढून टाकून गाळलेल्या रसात मद्यार्क मिसळतात. साखर विरघळलेलीच राहते. डेक्स्ट्रॅन असेल तर तो धुक्यासारखा पांढरा होऊन दिसू लागतो, आणि धुके जितके दाट तितका डेक्स्ट्रॅन अधिक. ऊसउत्पादकांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये सुरू झालेली पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांच्या रसायनतज्ज्ञांना प्रशिक्षण देते. चाचणीला फारसा वेळ लागत नाही. तिचा निकाल तोडणीच्या चिठ्ठीवरील तारीख आणि वेळेशेजारी लिहिला, तर कोणत्या गटातील ऊस वाटेत किती थांबला आणि त्याचे काय झाले, हे हंगाम चालू असतानाच दिसते. दुसऱ्या दिवशीच्या तोडणीचा कार्यक्रम त्यावरून बदलता येतो.